सासूबाईंचं "छान"

"छान आहे," सासूबाई म्हणाल्या आणि जावयाने कपाळाला हात लावला.

जावई अत्तराच्या कारखान्यात कामाला होता. नवं अत्तर तो मालकाच्या आधी सासूबाईंना हुंगायला द्यायचा. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, पट्टी त्यांच्या नाकाशी धरायचा आणि जीव मुठीत घेऊन उभा राहायचा. गुलाबाला त्या म्हणाल्या होत्या, "श्रीमंत म्हातारीची उशी." चंदनाला म्हणाल्या, "कपाटात कुणी वारलंय का?" जावई तणतणत परत जायचा, अत्तर बदलायचा आणि ते हातोहात खपायचं.

मग हिवाळ्यात सासूबाईंना ताप आला. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून त्या गोड झाल्या. करपलेलं दूध छान. जावयाचे मोजे छान. जेवणही छान, पण दोन घासांत ताट बाजूला. शेजारपाजारचे जावई चौकशीला आले, "डॉक्टर कोणता? आमच्याही सासूबाईंना दाखवायचं म्हणतोय."

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "रोज एकच झणझणीत वास देत राहा. वास परत येईल, नाहीतर नाहीही येणार."

जावयाने लिंबाची आणि संत्र्याची साल घेतली, वर पुदिना आणि रोझमेरी घातली आणि असं लखलखीत अत्तर बनवलं, की मांजर शेजारी राहायला गेलं. मालकाने पट्टी हुंगली, डोळे पुसले आणि विचारलं, "हे विकत कोण घेणार?"

"विकायचं नाहीये," जावई म्हणाला.

रोज सकाळी पट्टी. रोज सकाळी "छान".

"आई तुझं एवढं कौतुक करते," बायको म्हणाली, "आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं."

"काल मुद्दाम टीव्हीचा रिमोट धरला नाकाशी. त्यालाही छान म्हणाल्या."

बायको हसायला गेली. हसू अर्ध्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी सासूबाईंच्या हातात दिली आणि उत्तर पाठ असल्यामुळे आधीच पाठ फिरवली. मागून दोनदा हुंगल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. सासूबाईंचं नाक वाकडं झालं होतं. अगदी पूर्वीसारखं, डावीकडे.

"जावईबापू," त्या सावकाश म्हणाल्या, "हे अत्तर आहे की भांडी घासायचा साबण?"

जावयाने बायकोला हाक मारली. आतून बायको ओल्या हातांनी धावत आली.

"आई, पुन्हा म्हणा ना," जावई म्हणाला.

"साबण. तोही स्वस्तातला. आणि पुदिना कुणी एवढा ओततं का?"

त्याने पट्टी परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, "अजून पुष्कळ नावं ठेवायचीत."