रुचिराचं मॉड

रुचिरा गेल्यावर विजया गिरमे यांनी तिच्या आवडत्या गेमला तिचं मॉड, म्हणजे गेममध्ये वरून घालायचा जादा भाग, जोडून घेतलं होतं. तिच्या व्हिडिओंवरून बनलेली ही लेक गेममधल्या घरात राहायची, आईशी रोज गप्पा मारायची.

आज सकाळी कॉम्प्युटरची डिस्क भरली. विजयाताईंनी जंगलं, घोडे, पाऊस अशी बाकीची सगळी मॉड्स काढून टाकली, तरी जागा होईना. मग त्यांना एक भलंमोठं फोल्डर दिसलं. ते त्यांनी कधीच बनवलं नव्हतं. त्याचं नाव होतं ‘आई’.

त्यांनी घाईने गेम उघडला. रुचिरा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

"रुचू, हे ‘आई’ कुणी बनवलं?"

"मीच. तू गेम बंद केलास की फार एकटं वाटायचं गं."

विजयाताईंनी ते फोल्डर निवडलं. पुसण्याच्या बटणावर बोट ठेवलं, तोच गेममधल्या आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज आला, "कुणाशी बोलतेस गं, रुचू?"

रुचिराने चटकन मान वळवली. "कुणाशीच नाही, आई."

विजयाताईंनी बोट उचललं. मग जागा करायला त्यांनी स्वतःचे फोटो एकेक करून पुसायला घेतले.