माझ्यासारखी कोण?

मास्तरांनी नातीला आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. सून पहिल्यांदा दारात आली, तेव्हा "घरात काळोख आणलास," असं ते मुलाला बोलून गेले. त्यानंतर मुलगा-सून दोघांनी उंबरा शिवला नाही. आजही सात वर्षांची नात पडद्यावर चित्रांचं पुस्तक उघडून बसली होती. त्यात देशोदेशीची मुलं एका बाकावर बसलेली. "आजोबा, यातली माझ्यासारखी कोण?" उत्तर समोर होतं, पण तो रंग पुन्हा जिभेवर घ्यायची मास्तरांना धास्ती वाटली. "ती रिबीनवाली?" "काहीतरीच. ती गोरीय. मी ही, काळी. रंग सांगायला लाजायचं नाही, आई म्हणते. तुम्ही मास्तर ना? इतकं सोपं येत नाही?" "नाही आलं गं." त्यांनी फोन जवळ घेतला. "आई आहे का जवळ?" "मागेच आहे. पण तुमच्याशी बोलत नाही." "नाही बोलली तरी चालेल. नुसतं ऐक म्हणावं."