पायाखालचा ब्रेक

“सर, ब्रेक मी कधी मारलाच नाही हो! माझ्याआधी तुम्हीच मारता!” ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झालेल्या शैलाताई रडकुंडीला आल्या होत्या.

घोरपडे सरांना ते भलतंच झोंबलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याच्या जिवावर, वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, असं सर गावभर मिरवत. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आपण गाडी तेवढी सांभाळली, शिकवलं कुणालाच नाही. आणि कालचं आठवून ते आणखीच चरकले. लेक सांगत होती, “बाबा, मला पुण्यात नोकरी...” तिचं वाक्यही पुरं होऊ न देता ते म्हणाले होते, “काही गरज नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. “चला.”

“अहो, पाय खाली घ्या! मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. चला.”

देवळाच्या उतारावर गाडीने वेग घेतला आणि वळणावर म्हशी आडव्या आल्या. सरांचे पाय शिवशिवू लागले. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले, डोळे मिटले.

गाडी कचकन थांबली.

“मारला की हो मी!” शैलाताई घामाघूम होऊन हसत होत्या.

संध्याकाळी सर जेवायला बसले. लेक वाढत होती. त्यांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. शेवटी डाव्या हाताने गुडघा घट्ट धरून त्यांनी विचारलं, “पुण्याला कधी निघतेस?”