घोड्याचे मागचे पाय

राजकन्येची सावली चेटकिणीनं पळवली होती आणि ती परत आणायला घोडा धुक्याच्या राज्यात शिरला होता. घोड्याचे पुढचे पाय थोरल्या भावाचे, मागचे धाकट्याचे. आई कुणाकडे राहणार यावरून दोघांची जुंपली, आई थोरल्याकडे गेली, आणि तेव्हापासून बोलचाल बंद. घोडा तेवढा सामायिक राहिला होता, कारण बालनाट्याच्या मालकांना इतकी जमलेली दुसरी जोडी मिळेना.

घोड्याच्या सोंगाच्या आत एक रीत होती. घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून फक्त थोरल्याला दिसायचं. तो सांगायचा, "पायरी." "डावीकडे." मागे कमरेत वाकलेला धाकटा त्याच्या पाठीवर थाप मारायचा. एक थाप म्हणजे समजलं. भांडणानंतरही हे चालू होतं. भावाशी अबोला धरता येतो, पायरीशी नाही.

धाकट्याला सगळा प्रवास एकच देखावा दिसायचा, थोरल्याच्या शर्टाची पाठ. ती नेहमी कडक इस्त्रीची असे. आज तिच्यावर शिवणी दिसत होत्या. रुमालालाही इस्त्री करणारा माणूस शर्ट उलटा घालून आला होता. धाकट्याला पहिल्या प्रवेशापासून चैन पडत नव्हतं.

"चल रे वाऱ्या!" वरून राजकन्येनं टाच मारली. ती नेमकी धाकट्याच्या बरगडीत बसली.

"पायरी," थोरला म्हणाला.

थाप.

"आता पूल. डावीकडे."

थाप.

"आईचं उद्या ऑपरेशन आहे. फळी हलतेय, जपून."

थाप पडली नाही. पुढचे पाय पूल ओलांडू लागले, मागचे जागच्या जागी राहिले आणि पोटाचं कापड ताणलं गेलं.

"घोडा लांबतोय!" पहिल्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं. सगळं थिएटर खिदळायला लागलं.

राजकन्या खाली वाकून फिसकारली, "काका, चला ना! चेटकीण कधीची येऊन उभी आहे." मग ताठ बसून खणखणीत आवाजात, "माझा वाऱ्या घाबरलाय! हाका मारा त्याला!"

"वाऱ्या! वाऱ्या!"

त्या गदारोळात धाकटा म्हणाला, "शर्ट उलटा आहे तुझा."

"असेल. पहाटे तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा अंधारात घातला."

"काय झालंय?"

"हृदय. तुझी वाट बघतेय. तोंडानं कबूल करत नाही."

"तुझ्यावर गेलीय."

"तुझ्यावर," थोरला म्हणाला. "उडी."

घोड्यानं उडी मारली. चारही पाय एकदम उठले, एकदम टेकले, आणि चेटकिणीची ठरल्यापेक्षा जास्तच घाबरगुंडी उडाली.

सावली सापडली. टाळ्या झाल्या, पडदा पडला. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी राजकन्येला खाली उतरवलं आणि नेहमीप्रमाणे शेपटीकडून चेन उघडली. एरवी थोरला डोकं काढेपर्यंत धाकटा बसस्टॉपवर पोचलेला असे. आज आत उजेड आला तरी त्यानं भावाची कंबर सोडली नाही.

"बाहेर या रे," मावशी म्हणाल्या. "उकडून मराल. आणि पुढच्या खेळाआधी घोडा वाळवायचाय मला."

"मावशी, जरा थांबा," आतून धाकट्याचा आवाज आला. मग खालच्या पट्टीत, "असा जाणार दवाखान्यात? हात वर कर."

"इथे?"

"कर रे."

मावशींनी चेन हळूच परत लावून घेतली. घोड्याचं पोट एकीकडून फुगलं, मग दुसरीकडून. एक कान निखळून खाली पडला. बटणाला कुणीतरी शिवी दिली.

तोंडावरचा रंग पुसत पुसत राजकन्या थबकली. "मावशी, वाऱ्याला काय होतंय?"

"काही नाही गं," मावशी म्हणाल्या. "कपडे बदलतोय."