बोटभर बॅटरी

"स्टँडपासूनच्या वाटेवरचे दिवे तुम्ही वर्षभर बंद ठेवलेत, आणि आता ही बोटभर बॅटरी देऊन आमची तोंडं बंद करताय?"

ग्रामसभेत बायकांमधून उठून शालन कडाडली. त्या वाटेवरच्या टवाळ पोरांपायी तिच्या लेकीचं कॉलेज सुटायची वेळ आली होती.

सरपंच हसले. "वहिनी, एलईडी आहे, खिशात मावते. आधी वापरून तर बघा."

"तुम्हीच वापरून दाखवा की!"

तिनं धडाधड खिडक्या लावल्या आणि दिवा घालवला. "चला, दारापर्यंत या."

सरपंचांनी बॅटरी पेटवली. पायापुढं लख्ख उजेड पडला. दोन पावलं टाकली तोच अंधारातून शिटी आली. "चाललीय बघा कशी ठुमकत!" कुणी बाई ओरडली, बाकीच्या फिदीफिदी हसल्या. सरपंचांनी गर्रकन बॅटरी फिरवली, पण उजेड चार हातांवरच विरला.

शालननं दिवा लावला. बायका पदर सावरून मुकाट बसल्या होत्या.

"बॅटरी झकास आहे, सरपंच. तुम्ही कुठं आहात ते आम्हाला पार कोपऱ्यातून दिसत होतं. आता बोला, शिटी कोणी मारली?"