ठकूबाईचा पासवर्ड

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही चेन्नईत वेलचेरीला राहता आणि अख्ख्या इमारतीत मराठी घर तुमचं एकट्याचंच आहे. मग ईमेलच्या पासवर्डला घरातलाच एखादा मराठी शब्द घेतला, तर तो कोण ओळखणार? २००६ साली अकरा वर्षांच्या रेवाला अगदी असंच वाटलं होतं.

पण एक दिवस तिच्या मेलवरून कुणीतरी तिच्या जिवलग मैत्रिणीला, तेनमोळीला लिहिलं, 'तू मला मुळीच आवडत नाहीस.' तेनमोळी दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

"पासवर्ड कुणाला सांगितला होतास?" आजोबांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"होता तरी काय?"

"ठकूबाई."

ठकूबाई हे आजोबांनीच रेवाला ठेवलेलं लाडाचं नाव. रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून "ठकूबाई, दिवे लागले, वर ये" अशी हाळी तेच द्यायचे. खालची पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

"रोज मीच ओरडून सांगत होतो की गं," ते म्हणाले. "मग ते गुपित राहील कसं?"

रेवाने पासवर्ड बदलला आणि तेनमोळीच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी आजोबांनी जपून हाक मारली, "रेवा, वर ये."

रेवा तेनमोळीचा हात धरून खालीच उभी राहिली. "आजोबा, पासवर्ड बदललाय, नाव नाही," ती म्हणाली, आणि 'ठकूबाई' ऐकू येईपर्यंत जागची हलली नाही.