हावोदचा विस्तव

गवत निघालं.

खाली छपराच्या दगडी पाट्या, कोसळल्या तशाच पडलेल्या. लौरी उत्खननवाली एकेक उचलत होती. हावोदचं, डोंगरावरच्या त्या जुन्या घराचं, उरलं होतं एवढंच: कमरेइतक्या दोन भिंती, मेंढ्यांचा कोंडवाडा, जुन्या नांगरटीच्या पुसट वळ्या. त्यातल्या एका भिंतीवर चौऱ्याऐंशी वर्षांची एलुनेद बसली होती. सासरची चूल उकरताना बघायला डोंगर चढून आली होती.

एकोणीसशे एकतीस साली सासूनं हे घर सोडलं, तेव्हा ह्याच चुलीतले निखारे लोखंडी भांड्यातून खाली दरीत नेले. आठ पिढ्या न विझलेला विस्तव. येत्या हिवाळ्यापासून तो सून राखणार होती.

"आणि माझ्या हातून विझला तर, आई?" सून ग्वेर्विल म्हणाली. "अख्खी दरी तोंडात शेण घालेल."

"हावोदच्या बायकांचा विस्तव विझत नाही."

साठ वर्षं एलुनेद हेच म्हणत आली होती.

राख लागली. हातभर राख.

त्रेसष्टचं बर्फ. दोन दिवस एलुनेद खाली दरीतल्या घराच्या कोंडवाड्यात, अडलेल्या मेंढ्यांपाशी. घरात आली तर चूल गार. सासू माडीवर तापानं पडलेली. एक काडी ओढून तिनं चूल पेटवली, बस्स. सासू खाली आली, हात शेकले, म्हणाली, "नीट राखलास हो." त्या काडीचं तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आजी, इकडे एक दगड सैल आहे!" लौरी ओरडली.

चुलीच्या बगलेला, दगडामागे, कोनाडा. त्यात पत्र्याची गंजकी काड्यापेटी. तिच्याखाली चकमकीचं, ठिणगी पाडायचं पोलाद. त्याखाली आणखी एक, झिजून बोटाएवढं उरलेलं.

लौरीनं तिन्ही वस्तू उचलून बघितल्या. ती शेजारच्याच दरीतली. विस्तवाची गोष्ट तिनं लहानपणीच ऐकली होती.

"विझतच नव्हता, तर हे लपवलं कशाला?" ग्वेर्विल बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"काड्यापेटी कुठल्या सालची?" एलुनेदनं विचारलं.

लौरीनं गंज पुसला. "एकोणतीस. म्हणजे... तुमच्या सासूबाईंचीच."

एलुनेद भिंतीवरून उतरली. आभाळाखाली उघड्या पडलेल्या चुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अगं बायांनो, एकीनं तरी सांगायचं की गं!"